रात्री अकराला ९९९ क्विंटल

रात्रीचे अकरा वाजलेले. बपेऱ्यात सगळीकडे सामसूम. आणि अचानक गावातल्या नऊ जणांचे मोबाइल एकदम वाजले. मेसेज एकच. ‘आपले ९९९ क्विंटल धान जमा झाले. धन्यवाद.’

दोस्तांनो, ९९९ क्विंटल म्हणजे किती, याचा अंदाज नसेल तर सांगते. चाळीस किलोचा एक कट्टा धरला, तर जवळजवळ अडीच हजार कट्टे. गोष्ट २०२४ च्या दिवाळीनंतरची. त्या हंगामात साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला २,३०० रुपये होता. करा गुणाकार. तेवीस लाखांच्या आसपास. तेही प्रत्येकी!

मेसेज पाठवणारा कोण? तर माझा सख्खा चुलतभाऊ. पुण्यात हिंजवडीला जावा डेव्हलपर, गळ्यात आयकार्ड, पाठीवर सॅक, तोंडात सतत ‘डिप्लॉय’ आणि ‘प्रॉडक्शन’. आमच्या घरचा हिरो. त्या रात्री अकरा वाजून दोन मिनिटांनी त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी शेजारीच चिवडा खात बसले होते, म्हणून सांगते.

बपेरा माहीत नसेल, तर नकाशात भंडारा जिल्हा शोधा. तुमसर तालुक्याच्या अगदी टोकाला, मध्य प्रदेशची सीमा हाकेच्या अंतरावर. नागपूरहून ट्रेन पकडायची, तुमसर रोडला उतरायचं आणि पुढे मिळेल ती गाडी. दिवाळीनंतर झाडीपट्टीत मंडईचा सीझन असतो, नाटकं असतात, आणि मी त्यासाठी दर वर्षी जाते. काकांची तुमसर रोडवर छोटी राइस मिल. दादानं त्या मिलसाठी सुट्टीत एक सिस्टीम बनवायला घेतली होती. काट्यावर वजन झालं की दिवाणजी आकडा टाकणार, पावती तयार होणार, शेतकऱ्याला मेसेज जाणार. आयडिया सही होती. घोळ झाला तो टेस्टिंगमध्ये.

सकाळची रांग

सकाळी सातलाच मिलच्या फाटकासमोर पाच-सहा जण हजर. काही हसत होते, एकजण खरंच भडकला होता. काकांनी मोबाइल दादासमोर धरला आणि विचारलं, “काऊन बे, हे का होय?”

त्यात एक आजोबा होते. ते शांत उभे होते. सगळे पांगल्यावर पुढे आले आणि म्हणाले, “बापू, ते नऊशे नव्व्याण्णव राहू दे. माहे अठरा आहेत ना जाग्यावर?”

त्यांचे खरे अठरा क्विंटल मिलमध्ये जमा होते. पंचेचाळीस कट्टे. पैसे अजून घ्यायचे होते. त्यांना जास्तीचं काही नको होतं. मशीननं काहीतरी भलतंच लिहिलं, त्या नादात आपलं खरं पुसलं गेलं का, एवढाच त्यांचा प्रश्न.

काकांनी लाल कापडातली वही सोडली, पान काढलं, अठराचा आकडा दाखवला. आजोबा गेले. दादा मात्र दिवसभर कुणाशी बोलला नाही.

आता मी मास कॉमची पोरगी. कोडिंगशी माझा संबंध पासवर्ड विसरण्यापुरता. पण हे असं झालं का, हे मला कळून घ्यायचंच होतं. म्हणून संध्याकाळी मी, काका आणि दादा अंगणात बसलो आणि मी म्हटलं, “दादा, एकदम बेसिकपासून सांग. आम्हा दोघांना कळेल असं.”

सालगडी की रोजंदार?

दादानं सुरुवात केली ‘सर्व्हरलेस’ या शब्दापासून. आधी त्यानं मिलसाठी एक छोटा सर्व्हर भाड्यानं घेतला होता. बारा महिने, चोवीस तास चालू. आणि मिलला खरं काम किती? हंगामाचे काही आठवडे. उरलेला काळ तो सर्व्हर नुसता बसून भाडं खाणार.

सर्व्हरलेसमध्ये तसं नसतं. तुम्ही फक्त एक छोटं काम लिहून ठेवता. त्याला म्हणतात फंक्शन. ‘वजन आलं की पावती बनव.’ बस्स. ते फंक्शन एरवी झोपलेलं. वजन आलं की क्लाउडवाली कंपनी कुठूनतरी मशीन आणते, फंक्शन चालवते, काम झालं की मशीन दुसऱ्याच्या कामाला लावते. पैसे चाललं तेवढ्याचेच. सर्व्हर असतोच, फक्त त्याची काळजी तुमची नसते.

अ‍ॅमेझॉननं नोव्हेंबर २०१४ मध्ये ‘लॅम्डा’ नावानं ही सेवा जाहीर केली आणि हा प्रकार जगभर फेमस झाला. त्यांचं मुंबईचं क्लाउड केंद्र जून २०१६ मध्ये सुरू झालं. गूगल आणि मायक्रोसॉफ्टकडेही अशाच सेवा आहेत.

काका इतका वेळ सुपारी कातरत होते. ते म्हणाले, “म्हणजे रोवणीच्या बाया होत ना हे! सालगडी ठेवला त काम असो की नसो, त्याले वर्षाचं द्याच लागते. रोवणीच्या बायाईले कामाच्या दिवशी बोलवा, काम झालं की पैसे द्या.”

दादा दोन सेकंद बघतच राहिला. मग म्हणाला, “बाबा, मी हेच ऑफिसात पस्तीस स्लाइडमध्ये सांगितलं होतं.”

पऱ्हे कोण आणणार?

मग आम्ही मूळ मुद्द्यावर आलो. टेस्टिंग करताना खरे मेसेज गेलेच कसे?

तर झालं असं. दादानं पावतीच्या फंक्शनच्या पोटातच मेसेज पाठवणारा भाग तयार करून ठेवला होता. म्हणजे फंक्शन चाललं की ते स्वतःच उठून एसएमएस कंपनीचं कनेक्शन बनवणार आणि मेसेज सोडणार. मधे कुणी ‘थांब, ही फक्त ट्रायल आहे’ असं सांगायला जागाच नाही. त्यात त्यानं दुसरी चूक केली. टेस्टसाठी यादी कॉपी केली ती खऱ्या शेतकऱ्यांची, खऱ्या नंबरांसकट. आकडा मात्र मुद्दाम खोटा टाकला, ९९९. ओळखायला सोपा जावा म्हणून!

यावरचा उपाय जुना आहे आणि त्याचं नाव भारदस्त आहे. डिपेंडन्सी इंजेक्शन. मार्टिन फाउलर या लेखक-प्रोग्रॅमरनं जानेवारी २००४ मध्ये लिहिलेल्या लेखामुळे हे नाव रूढ झालं. नाव ऐकून टोचल्यासारखं वाटतं, पण फंडा साधा आहे, आणि तोही रोवणीतच सापडतो.

रोवणीला बाया येतात तेव्हा त्या काय आणतात? आपला डबा आणि पावसाचं इरलं किंवा प्लास्टिकचा कागद. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, त्या आणत नाहीत. ती मालकानं आधी टाकलेली असतात, उपटून, जुड्या बांधून बांधीत ठेवलेली असतात. चिखलणी झालेली असते. बाईनं फक्त हातात आलेली जुडी सोडायची आणि रोवायची. उद्या मालकानं दुसऱ्या जातीचं धान द्यायचं ठरवलं, तर तिचं काम बदलत नाही. ती रोवते, बस्स.

फंक्शनचंही तसंच हवं. पावतीच्या फंक्शननं मेसेजवाला स्वतः शोधायचा नाही. त्यानं दारातच सांगायचं, ‘मला एक निरोप्या द्या. कोण आहे याच्याशी मला मतलब नाही, निरोप घेऊन जाणारा हवा.’ मग खऱ्या कामाच्या वेळी त्याच्या हातात खरा एसएमएसवाला ठेवायचा. आणि ट्रायलच्या वेळी खोटा निरोप्या, जो काहीच पाठवत नाही, फक्त वहीत लिहून ठेवतो की ‘अमुक नंबरला अमुक मेसेज गेला असता.’ फंक्शनला फरक कळतही नाही. गावाला तर अजिबात नाही!

बाहेरून हातात देणं, हेच ते इंजेक्शन. आणि कुणाच्या हातात काय द्यायचं, हे बघणारा जो मुकादम, तो म्हणजे फ्रेमवर्क. या मंडळींमध्ये एक डायलॉग फेमस आहे, तो आम्हा मीडियावाल्यांना ऑडिशनमुळे तोंडपाठ असतो. ‘तुम्ही फोन करू नका, आम्ही करू.’ तुमचा कोड कुणाला बोलवत नाही. फ्रेमवर्क त्याला बोलावतं.

पहाटेचा मुकादम

इथपर्यंत ऐकल्यावर मला वाटलं, झालं, प्रॉब्लेम सुटला. पण पुढचा घोळ दादानं आठ दिवसांनी केला.

पुण्याला परत जाऊन त्यानं सगळं नीट लिहिलं, स्प्रिंग वापरून. स्प्रिंग म्हणजे जावावाल्यांचं लाडकं फ्रेमवर्क, पहिली आवृत्ती मार्च २००४ ची. मोठमोठ्या कंपन्यांची कामं त्यावर चालतात. डिपेंडन्सी इंजेक्शनमध्ये तर उस्ताद. पण त्याची नेहमीची पद्धत अशी, की सुरू होताना ते सगळा कोड चाळून काढतं. कोण काय आहे, कुणाला काय हवं, कोण कुणाला जोडायचं. पहाटे उठून अख्ख्या गावात घरोघर फिरणाऱ्या मुकादमासारखं. “बाई, तुला काय लागते? तू कोणत्या बांधीत?”

सर्व्हर महिनोन्‌महिने चालू असेल, तर ही पहाटेची फेरी एकदाच होते. कुणाच्या डोळ्यावर येत नाही. पण सर्व्हरलेसमध्ये फंक्शन झोपतं आणि परत उठतं. प्रत्येक वेळी झोपेतून उठताना ती फेरी परत! याला म्हणतात ‘कोल्ड स्टार्ट’. एकदा जागं झालं की पुढची कामं पटापट होतात. टोळी एका बांधीतून शेजारच्या बांधीत गेल्यासारखी. पण मधे बराच वेळ काम आलं नाही की परत झोप. किती वेळानं झोपायचं, हे आपण नाही, क्लाउडवाला ठरवतो.

दादाच्या फंक्शनला पहिल्यांदा उठायला आठ-नऊ सेकंद लागत होते. तुम्हाला वाटेल, त्यात काय? लिफ्टची वाट आपण जास्त बघतो. पण काट्यावर चित्र वेगळं असतं. मागे ट्रॅक्टरची रांग, हमाल खोळंबलेले, आणि दिवाणजींच्या स्क्रीनवर नुसतं चक्र फिरतंय. दिवाणजींनी जे केलं, ते तुम्ही-मी पण केलं असतं. परत बटण दाबलं.

दोन वेळा बटण, दोन मागण्या. लॅम्डाच्या नेहमीच्या पद्धतीत एक जागं झालेलं फंक्शन एका वेळी एकच काम घेतं. म्हणून दुसऱ्या मागणीसाठी दुसरं मशीन उठलं. दोघांनी इमानेइतबारे पावती केली. एकाच धानाच्या दोन पावत्या, दोन मेसेज. ९९९ चा खोटेपणा निदान कुणालाही दिसत होता. वीसचे चाळीस झालेले सहज खपून गेले असते. रात्री काकांनी लाल वहीशी ताळा केला म्हणून सापडलं.

रात्रीच बनवलेली यादी

आता दादानं दोन गोष्टी केल्या. पहिली, काट्यावरच्या प्रत्येक वजनाला एकच नंबर. बटण दहा वेळा दाबा, त्या नंबरची पावती आधी झाली असेल, तर नवी होत नाही, जुनीच परत मिळते. हा फ्रेमवर्कचा प्रश्नच नव्हता. साध्या विचाराचा होता.

दुसरी, त्यानं हलकं फ्रेमवर्क घेतलं. मायक्रोनॉट. ग्रेम रोशर आणि त्याच्या टीमनं २०१८ मध्ये लोकांसाठी खुलं केलेलं. यातला मुकादम पहाटे फिरत नाही. तो यादी आदल्या रात्रीच बनवतो. म्हणजे डेव्हलपर आपल्या लॅपटॉपवर कोड बांधतो, त्याच वेळी कुणाला काय द्यायचं हे ठरवून लिहून टाकलं जातं. फंक्शन उठतं तेव्हा खिशातली चिठ्ठी काढायची आणि कामाला लागायचं. रेड हॅटचं २०१९ चं क्वार्कस याच वाटेनं जातं. स्प्रिंगवालेही गप्प बसले नाहीत. नोव्हेंबर २०२२ च्या स्प्रिंग बूट ३ मध्ये त्यांनी आधीच सगळं बांधून ठेवायची सोय दिली. त्याच महिन्यात अ‍ॅमेझॉननं जावासाठी ‘स्नॅपस्टार्ट’ आणलं. त्यात फंक्शन एकदा उठवून, तयार अवस्थेत त्याचा जणू फोटो काढून ठेवतात, आणि पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात.

दादाच्या फंक्शनचं उठणं आठ-नऊ सेकंदांवरून दोनच्या आत आलं. त्यातला थोडा वाटा मेमरी वाढवल्याचाही आहे. लॅम्डात मेमरी १२८ एमबीपासून १०,२४० एमबीपर्यंत घेता येते, आणि जितकी मेमरी तितकी प्रोसेसरची ताकद. बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं. ते सगळ्यात स्वस्त मेमरी घेतात आणि फ्रेमवर्कला शिव्या देतात.

बिल किती, बॉस?

काकांचा प्रश्न एकच होता. पैसे किती? चला, हिशेब करू. दिवसाला ४०० पावत्या धरा. महिन्याला १२,०००. एका पावतीला एक सेकंद आणि ५१२ एमबी मेमरी. लॅम्डाच्या मापात हे झाले ६,००० जीबी-सेकंद. आणि महिन्याला फुकट मिळतात ४ लाख जीबी-सेकंद आणि १० लाख मागण्या. थोडक्यात, फंक्शनचं बिल शून्य. काका खूश!

पण लगेच उड्या मारू नका. डेटाबेसचे पैसे वेगळे, नोंदी साठवायचे वेगळे, एसएमएसचे तर वेगळेच. त्या एसएमएससाठी ट्रायच्या नियमांप्रमाणे डीएलटीवर नोंदणी करून मेसेजचा साचा आधी मंजूर करून घ्यावा लागतो. आणि एक नवी गोष्ट. ऑगस्ट २०२५ पासून अ‍ॅमेझॉननं फंक्शनच्या उठण्याचा वेळही सरसकट बिलात धरायला सुरुवात केली. जाडजूड फ्रेमवर्कची पहाटेची फेरी आता नुसता वेळ खात नाही, पैसेही खाते.

आणि ज्याला चोवीस तास काम आहे, त्यानं रोजंदारीच्या नादी लागूच नये. हे खुद्द अ‍ॅमेझॉनच्याच घरात घडलंय. मार्च २०२३ मध्ये प्राइम व्हिडिओच्या टीमनं लिहिलं, की व्हिडिओचा दर्जा तपासणारी त्यांची एक सिस्टीम सर्व्हरलेस तुकड्यांमधून काढून एकाच मोठ्या प्रोग्रॅममध्ये आणली आणि तिचा खर्च ९० टक्क्यांनी उतरला. काम अखंड असेल, तर सालगडीच स्वस्त. हे काकांना कुणी सांगायची गरज पडली नाही.

ऑफिसात कामाला येईल असं

तुमच्यापैकी जे आयटीत आहेत, त्यांच्यासाठी दादाचे चार नियम. त्यानं स्वतःच्या खर्चानं शिकलेले.

• निरोप, पैसे, डेटाबेस असं बाहेरच्या जगाला हात लावणारं काहीही फंक्शनच्या पोटात बनवू नका. बाहेरून हातात द्या.

• टेस्टच्या यादीत खऱ्या माणसाचा नंबर नको. एकही नको.

• माणूस बटण दोनदा दाबणारच, असं धरूनच लिहा.

• फ्रेमवर्क निवडताना ते काय काय करतं हे बघण्याआधी उठायला किती वेळ घेतं ते बघा.

जे आयटीत नाहीत, त्यांनी निदान पुढच्या वेळी ‘कृपया प्रतीक्षा करा’ दिसलं की बटण एकदाच दाबा. पलीकडे कुणीतरी मुकादम गावात फिरत असेल.

यंदाचा काटा

२०२५ च्या मंडईला मी परत गेले. मुद्दाम काट्यावर जाऊन बसले. दिवाणजींनी आकडा टाकला, मी मनात मोजायला लागले, आणि दोन म्हणायच्या आत समोरच्या माणसाचा मोबाइल वाजला. दादा पुण्यात होता. मी त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठा पाठवला, त्यानं हात जोडल्याची खूण परत पाठवली.

दुपारी ते आजोबा आले. सोबत नातू, ट्रॉलीत कट्टे. वजन झालं, मेसेज आला. नातवानं वाचून दाखवला. एकवीस क्विंटल, तारीख, पावतीचा नंबर, सगळं बरोबर. आजोबांनी मान हलवली, मोबाइल नातवाच्या खिशात टाकला आणि काकांसमोर जाऊन बसले.

“बापू, वहीत लिवलं का?”

काकांनी लाल कापड सोडलं, चष्मा लावला आणि एकवीस लिहिलं. आजोबांनी आकड्यावर बोट ठेवून पाहिलं आणि मगच चहा घेतला.